मावशी, तू तिला ‘नाही’ म्हणालीस

सुमनमावशी,

तुला माती देऊन नऊ दिवस झाले. दफनभूमीच्या फाटकाशी एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “केवढी पुण्याई होती बाईंची! झोपेतच गेल्या.” चांगला माणूस. त्यांच्या दोन्ही मुली तुझ्याच हातून जन्मल्या. मी मान हलवली खरी, पण तू उठून बसशील की काय अशी मला त्या क्षणी धास्ती वाटली. पुण्याई हा शब्द तुझ्यासमोर काढायची सोय नव्हती. “माझी पुण्याई असती तर प्रभूला मरायचं कारण काय होतं?” असं तू दूधवाल्याला सुनावलंस, बँकेच्या मॅनेजरला सुनावलंस, आणि एकदा बिशपसाहेबांनी जेवणानंतर सहज तुझं कौतुक केलं तर त्यांनाही सुनावलंस. बिशप हसले. आपले पाळकसाहेब मात्र घामाघूम झाले होते.

हे पत्रही तुला पसंत पडलं नसतं. गेलेल्यांशी बोलायचं नसतं, त्यांच्यासाठी मागायचंही नसतं, ते प्रभूजवळ आहेत, हे आम्हाला तूच शिकवलंस. आपल्या मंडळीत तसं कुणी करतही नाही. तू हे वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण तुझ्याबद्दल ‘त्या’ म्हणून लिहायला घेतलं की जन्म, नोकरी, सेवा अशी अर्जासारखी वाक्यं होतात आणि मला जे सांगायचं आहे तिथपर्यंत ती पोचतच नाहीत. ‘तू’ म्हटलं की हात चालतो. एवढी सूट दे.

मी सात वर्षांची असताना तू आम्हाला संडे स्कूलला दहा वचनं पाठ करायला दिली होतीस. जो पाठ करेल त्याला रंगीत पेन्सिलींची पेटी. मी दहाच्या दहा पाठ केली, अगदी न अडखळता. तुझ्या मुलाला, प्रकाशला, एकसुद्धा येत नव्हतं, तो खिडकीतून बाहेर फणसावरची खार बघत बसला होता. आणि तू पेट्या वाटल्यास. सगळ्यांना. प्रकाशलाही. मी भोकाड पसरलं. तू माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि विचारलंस, “चीड आली ना?”

मी म्हटलं, “हो.”

“याला कृपा म्हणतात. ज्याने काही केलेलं नाही त्याला मिळते. चीड येतेच. नीट लक्षात ठेव, शैला, कधीतरी तुलाही वचन आठवणार नाही आणि पेटी लागेल.”

आता मी बावन्न वर्षांची आहे, शाळेत मुलांना मराठी शिकवते, मंडळीची सेक्रेटरी म्हणून बारा वर्षं कागद सांभाळते. आपल्या चर्चचा विश्वास काय, कुणी विचारलं तर छापील पत्रक देते: शास्त्र हेच प्रमाण, तारण केवळ कृपेने, क्रुसावरचा बळी एकदाच आणि सर्वांसाठी, आणि ही सुवार्ता सांगणं हे प्रत्येकाचं काम. चार ओळी. साहेबांच्या राज्यात बांधलेलं ते जांभ्या दगडाचं छोटं चर्च, तीस-पस्तीस घरं, त्यातली निम्मी पुण्या-मुंबईला गेलेली, आणि भिंतीला लावलेल्या त्या चार ओळी. पण मला त्यांचा अर्थ विचारला तर अजून ती पेन्सिलींची पेटीच डोळ्यांपुढे येते.

प्रकाश दहावीत असताना गेला. रक्ताचा आजार होता, मुंबईला सात महिने तू त्याच्या उशाशी होतीस. तुझे यजमान त्याआधीच गेलेले. मंडळीने उपवास केले, आळीपाळीने प्रार्थना केल्या. मी त्याच्याच वर्गात होते, मीही केल्या. तो गेल्यावर बाहेरगावचे एक उपदेशक तुला भेटायला आले आणि तुझ्याच घरात बसून म्हणाले, “बाई, विश्वासात कुठेतरी कमी पडलं असेल.” तू त्यांना चहा दिलास, फाटकापर्यंत सोडलंस. दफनाच्या वेळी सगळ्यांचे आवाज फुटत होते, तेव्हा विश्वासांगीकार तू एकटीने शेवटपर्यंत खणखणीत म्हटला होतास. मला वाटलं, बाई लोखंडाची आहे. सतराव्या वर्षी केलेलं ते मत मी पुढे तीस वर्षांत कधी तपासून पाहिलं नाही.

निवृत्त झाल्यावर तू मंगळवार धरलास. बीपी मोजायचं यंत्र पिशवीत टाकून मांडवीहून चालत मिरकरवाड्याला जायचीस. दवाखान्यात नर्स म्हणून पस्तीस वर्षं बाळंतपणं केलेली, त्यामुळे तिथल्या घराघरांत तुझी ‘पोरं’ होती, हिंदूंची, मुसलमानांची. जाळी शिवणाऱ्या बायकांमध्ये बसायचीस, कुणाचं बीपी बघायचीस, कुणाच्या सुनेला लोहाच्या गोळ्या घ्यायला दटावायचीस. आणि येशूबद्दल सांगायचीस. लपवून नाही, आडून नाही. “मी ख्रिस्ती आहे, मला हे सांगायला आवडतं, तुला ऐकायचं नसेल तर मासळीचा भाव सांग,” असं तुझं बोलणं. बहुतेक जणी मासळीचा भाव सांगायच्या. तुला त्याचं काही वाटायचं नाही. मलाच वाटायचं. दहा वर्षं मंगळवार करून एक माणूस मंडळीत आलं नव्हतं.

मग रंजना आली. वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण तुला सगळं माहीत आहे. रंजना जेटीवर मासळी निवडायची आणि पाटी घेऊन विकायला जायची. नवरा दिनकर, ट्रॉलरवर खलाशी. दोन मुली. धाकटी तुझ्याच हातची. आठ वर्षांपूर्वी, हवा फिरली तेव्हा सगळ्या बोटी परत आल्या आणि दिनकरची आली नाही. इंजिन बंद पडलं, मग वायरलेसही. पहिला दिवस, दुसरा दिवस. चौथ्या दिवशी तू मला म्हणालीस, “चल माझ्याबरोबर, आज मला एकटीला जाववत नाही.”

रंजना दाराच्या पायरीवर बसली होती. केस तसेच, चूल थंड. तुला बघून ती उठली आणि तुझे दोन्ही हात धरले.

“बाय, तुमच्या देवाला सांगा. आमच्या सगळ्या देवांना सांगून झालं. ह्यांची बोट आली ना, तर मी पोरींना घेऊन तुमच्यात येईन. शब्द देते.”

“मी सांगेन,” तू म्हणालीस. “पण ते दुसरं वाक्य मागे घे.”

“कुठलं?”

“येईन म्हणालीस ते. त्याला काही द्यावं लागत नाही.”

तिने ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. तू तिथेच खाली बसून प्रार्थना केलीस. लांबलचक नाही. दिनकरला परत आण, बोटीवरच्या सगळ्यांना आण, आणि नाही आणलंस तरी या घराला सोडू नकोस. हे शेवटचं ऐकून मी डोळे उघडून तुझ्याकडे पाहिलं. असं कुणी बोलतं का, चौथ्या दिवशी, त्या बाईसमोर?

सहाव्या दिवशी एका मालवाहू जहाजाला ती बोट दिसली आणि तिला ओढून जयगडला आणलं. सगळे जिवंत. ओठ फुटलेले, पण जिवंत.

त्या रविवारी पहिलं गीत चालू असताना रंजना चर्चमध्ये आली. हिरवी साडी, डोक्यात अबोली, दोन्ही बाजूंना दोन मुली. सरळ पुढे चालत गेली, शेंडीचा नारळ ठेवला आणि डोकं टेकलं. गीत गळपटलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, “वेदीवर नारळ!” तू वळून मोठ्याने म्हणालीस, “वेदी नव्हे, प्रभूचं मेज आहे ते. मेजावर खायची वस्तू ठेवली तर बिघडलं कुठे?” उपासनेनंतर तू तो नारळ घरी नेलास, त्याचा रस काढलास, घावनं केलीस आणि रंजनाला, मुलींना, मला जेवायला बसवलंस. रंजना खाता खाता म्हणाली, “मग बाय, आमचं पाणी कधी घालतात डोक्यावर?”

मंडळी हरखून गेली होती, मावशी. तुला आठवतं ना? पाळकसाहेब नवीन होते, तरुण होते. कित्येक वर्षांत आपल्याकडे मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मी घरी जाऊन रजिस्टर काढलं, धूळ पुसली, नवं पान आखलं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली ती फक्त तारीख ठरवायला. आणि तू म्हणालीस, “नाही.”

पाळकसाहेबांना वाटलं, तारखेबद्दल बोलतेस.

“इतक्यात नाही,” तू म्हणालीस. “तिला एक प्रश्न विचारा. बोट आली नसती तर आली असतीस का?”

रंजना बाहेर ओसरीवरच होती. पाळकसाहेबांनी तिला आत बोलावून विचारलं. तिने क्षणाचाही विचार केला नाही.

“नसती आली तर कशाला आले असते?”

तू हसलीस. “बघा, खरं बोलते. म्हणूनच मला आवडते ही.” आणि मग तिच्याकडे वळून म्हणालीस, “रंजना, हा नवस फेडणं झालं. प्रभू नवसाचा देव नाही. तू ये, बस, ऐक, दर रविवारी ये. पण बोटीच्या बदल्यात बाप्तिस्मा नको घेऊस.”

रंजनाचा चेहरा काळवंडला. “मासळी विकते म्हणून नको झालंय ना तुमच्यात?” एवढं म्हणून तिने मुलींचे हात धरले आणि निघून गेली.

तू तिच्या मागे गेली नाहीस. काठावर आलेलं माणूस तुझ्यामुळे परत गेलं म्हणून कमिटी तुझ्यावर चिडली होती, आणि सगळ्यांत जास्त मी. तुला घरी सोडायला मी मांडवीच्या किनाऱ्यावरून तुझ्याबरोबर चालत होते. मुलं क्रिकेट खेळत होती. मी बरंच बोलले. दहा वर्षं तू ज्यासाठी पायपीट केलीस ते दारात येऊन उभं राहिलं आणि तूच दार लावलंस, म्हणाले.

“दार मी कुठे लावलं? आत येऊ दे की तिला,” तू म्हणालीस. “अगं, उद्या पुन्हा एखादी बोट येणार नाही. समुद्र आहे तो. तेव्हा ही त्याला शिव्या देत निघून जाईल आणि चूक तिची नसेल. हा सौदा आपणच तिला शिकवलेला असेल.”

“तू घाबरलीस. बाहेर लोक काय म्हणतील याला घाबरलीस.”

“लोकांना नाही घाबरत मी.”

आणि मग मी ते बोलले. इथे ते लिहायलाच हवं, नाहीतर या पत्राला काही अर्थ नाही. मी म्हणाले, “खरं कारण मला माहीत आहे. तुझ्या प्रकाशसाठी त्याने ऐकलं नाही आणि तिच्या नवऱ्यासाठी ऐकलं. ते तुला बघवत नाही.”

तू थांबलीस. चपलेत वाळू गेली होती, ती झटकलीस. माझ्या खांद्याचा आधार घेऊन झटकलीस, मावशी, तेव्हाही. मग म्हणालीस, “बुधवारी शास्त्राभ्यासाला येताना तुझ्याकडच्या दोन खुर्च्या आण. मागच्या वेळी साळव्यांना उभं राहावं लागलं.”

मी खुर्च्या आणल्या. त्यावर तू काही बोलली नाहीस, मीही नाही. आठ वर्षं आपण एकत्र उपासना केली, नाताळच्या करंज्या केल्या, तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मीच होते, आणि ते वाक्य तसंच मध्ये पडून राहिलं.

पुढच्या मंगळवारी तू मिरकरवाड्याला गेलीस. रंजनाने तुझ्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी गेलीस. चार महिने ती तुला ‘या’ म्हणाली नाही, आणि तू तिच्यापासून चार हातांवर उभी राहून शेजारणींची बीपी मोजत राहिलीस. एके दिवशी तिने मासळीचा रिकामा क्रेट पायाने तुझ्याकडे सरकवला. “बसा. पाय सुजलेत तुमचे.” हा तिचा समेट. मग ती रविवारी येऊ लागली, शेवटच्या बाकावर. कुणी तिला काही विचारायचं नाही, अशी तू सगळ्यांना तंबी दिली होतीस. मलाही.

दोन वर्षांनी दिनकरला झटका आला. अर्धं अंग गेलं. कोल्हापूरला अकरा दिवस ठेवला होता. तू रोज फोनवर रंजनाबरोबर प्रार्थना करायचीस. बाराव्या दिवशी त्याला परत आणला तो तसाच. सासरची माणसं म्हणाली, ही त्यांच्या चर्चात जायला लागली म्हणून हे झालं, घरचे देव कोपले. रंजना यायची बंद झाली. मी मनात म्हटलं, झालं, मावशी म्हणाली होती तसंच झालं. आणि तुला बरोबर ठरवताना मला राग येत होता, हेही कबूल करते.

तिसऱ्या महिन्यात, एका बुधवारी, अभ्यास संपून सगळे गेल्यावर रंजना तुझ्या दारात आली. मी आत स्वयंपाकघरात चहा टाकत होते. ती बसली नाही, उभ्यानेच बोलली.

“बाय, त्या वेळी तुम्ही हात जोडलेत, बोट आली. ह्या वेळी पण जोडलेत. मग?”

तू म्हणालीस, “माझ्या प्रकाशसाठी मी सात महिने जोडले होते.”

“मग?”

“नाही म्हणाला तो.”

“का?”

“सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाय?”

“रोज विचारते. अजून विचारते. कणीक मळताना विचारते.”

“आणि तरी जाता त्याच्याकडे?”

चहा उतू जात होता. मी गॅस बंद केला, पण बाहेर येववेना.

“लगेच नाही गेले,” तू म्हणालीस. “दीड वर्ष चर्चमध्ये बसायचे, पुस्तक हातात धरायचे आणि ओठ हलवायचे नाहीत. कुणाला कळलं नाही. मग एका गुड फ्रायडेला बसले होते आणि एवढंच लक्षात आलं, की याचंही पोर गेलेलं आहे. याने ते वाचवलं नाही. माझ्यासाठी नाही वाचवलं. बाकीचं मला काही कळलं नाही, रंजना. आजही नाही. पण ज्याचं पोर गेलंय त्याच्याशी मला बोलता येतं.”

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा रंजना खाली बसली होती, तुझ्या गुडघ्याला टेकून. तिने कप घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, “साखर जास्त झालीय.”

दीड वर्ष. मी तेव्हा तुझ्या शेजारच्याच बाकावर बसायचे. तू गात नाहीस हे मला कळलं नव्हतं. आणि त्याच तोंडाने मी तुला किनाऱ्यावर ते वाक्य ऐकवलं होतं. तू तिला ‘नाही’ का म्हणालीस, ते त्या दिवशी मला समजलं. त्याच्याकडून ‘नाही’ ऐकल्यावरही टिकेल असंच काहीतरी तिला मिळावं, म्हणून तू तिच्यासाठी थांबली होतीस. तेव्हाच मी तुझे पाय धरायला हवे होते. मी कप विसळले.

रंजना पुन्हा येऊ लागली. वर्षं गेली. गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, ती स्वतः पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, “आता मला काय मागायचं नाय. आता घाला पाणी.” पाळकसाहेब शहाणे झाले होते. त्यांनी वकिलाकडून, ती स्वखुशीने येते आहे असे, कागद करून घेतले, चार महिने शिकवणी घेतली, आणि तुला विचारायला आले. तू म्हणालीस, “मला काय विचारता? मी काय फाटकावरची वॉचमन आहे?” पण त्या रात्री तू जेवली नाहीस, इतका आनंद झाला होता तुला. हे तूच मला दुसऱ्या दिवशी सांगितलंस.

बाप्तिस्म्याच्या सकाळी तिचा दीर दोन माणसं घेऊन फाटकाशी आला. आम्ही सगळे ओसरीवर गारठलो. हे दिवस कसे आहेत ते काय सांगायचं. तू काठी धरून खुर्चीवर बसली होतीस.

“वहिनी,” तो ओरडला, “काय दिलं ह्यांनी तुला? घर बांधून देतायत? पोरींची लग्नं करून देतायत? सांग लोकांसमोर.”

रंजना पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेली. “भावजी, काय नाय दिलं. सात वर्षांमागं बोट आली तेव्हा मीच मागायला आलेले. ह्या बायनं मला हाकलली. नाय बोलली. सगळ्यांदेखत. मी चार महिने तिच्याशी बोलले नाय, तुमच्या बायकोला विचारा.”

दीर तुझ्याकडे बघत राहिला. त्याचाही थोरला तुझ्याच हातचा. “सिस्टर, खरं काय हे?”

“खरं आहे,” तू म्हणालीस. “नाहीच म्हटलं होतं मी.”

तो म्हणाला, “आम्हाला हे पटलेलं नाय.”

“नको पटू दे. ऊन लागतंय, आत येऊन बस.”

तो आत आला नाही. पण पुन्हा आवाजही चढवला नाही त्याने, माणसं घेऊन निघून गेला. आजही तो रंजनाकडे पाणी पीत नाही. धाकटी मुलगी त्या दिवशी आली नाही, थोरली आली आणि आईचं ओलं डोकं तिनेच पुसलं. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही, तुला खोटं खपत नसे. मी रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहिलं. सात वर्षांपूर्वीच तिला हवं ते आपण दिलं असतं, तर त्या सकाळी फाटकाशी तिच्याकडे बोलायला एक शब्द नसता. कमिटीतलं कुणीच त्या दिवशी तुला काही म्हणालं नाही. आम्हाला लाज वाटत होती.

मग तुझे हे शेवटचे महिने. मी शाळा सुटली की यायचे. तुला वाचून दाखवायचे, औषधं द्यायचे. एका दुपारी तू डोळे मिटूनच विचारलंस, “शैला, तुला काही बोलायचंय का?”

मावशी, तू मला केवढी मोठी वाट करून दिली होतीस. मी म्हणाले, “नाही गं. गोळी घे.”

तू गोळी घेतलीस. नंतर पंधरा दिवस होतीस. रोज मी ठरवून यायचे आणि रोज परत जायचे. तू माफ केलं होतंस, हे मला माहीत आहे; बहुधा त्या किनाऱ्यावरच, चपलेतली वाळू झटकता झटकता. पण मी मागितली नाही. वर्षानुवर्षं भिंतीवर कृपेची ओळ लावणारी मी, फुकट मिळणारी गोष्ट मागायला मला तोंड उघडवलं नाही. आभार मानायचेही राहून गेले. त्या दोन गोष्टी एकाच दाराने बाहेर पडतात बहुतेक, एक अडकली की दुसरीही अडकते.

काल मंगळवार होता. तुझी पिशवी मी नेली नाही, मला ते यंत्र नीट लावताही येत नाही. नुसतीच मिरकरवाड्याला रंजनाकडे गेले. ती पायरीवर बांगडे साफ करत होती. मी तिला किनाऱ्यावरचं सगळं सांगितलं, ते वाक्य जसंच्या तसं. बोटीबद्दलचं, तिच्या नवऱ्याबद्दलचं. तिचाही त्यात अपमान होता, म्हणून तिलाही सांगणं भाग होतं.

तिने सुरी खाली ठेवली.

“हे तुम्ही त्यांना सांगायला पायजे होतं.”

“हो.”

“नाय सांगितलंत.”

“नाही.”

तिने माझी समजूत घातली नाही. ‘जाऊ दे’ म्हणाली नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर पायरीवर बसली. आजवर मी तिला मोठ्याने प्रार्थना करताना कधी ऐकलं नव्हतं, बुधवारी तिची पाळी आली की ती मान हलवून पुढच्याला द्यायची. काल तिने डोळे मिटले आणि, माझ्या हाताला बांगड्यांचा वास लागेल याची फिकीर न करता, माझा हात धरला.

“देवा, ही शैलाताई. हिच्या तोंडातनं एक वाईट वाक्य गेलं, ते आता मागं येत नाय. ज्यांना लागलं त्या तुझ्याकडं गेल्या, ही इथं राहिली. हिला सोडव. आमच्याकडं तुला द्यायला काय नाय.”

मग ती थांबली. रस्त्यावरून बर्फाचा टेम्पो गेला, कुणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही. आमेन म्हणायला मला बराच वेळ लागला. तोवर तिने माझा हात सोडला नाही.